कारखान्याच्या रजिस्टरपासून सुरुवात: इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी इंग्रजीचा कोर्स कसा आखावा

इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायला रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हातात एक कागद येतो. 'कम्युनिकेशन स्किल्स, दोन क्रेडिट.' त्याखाली चार-पाच युनिटांची नावं असतात, आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. आपलं एमए झालेलं असतं कविता-कादंबऱ्यांवर. समोर साठ मुलं, त्यातली निम्मी मराठी माध्यमातली, आणि त्यांना आपल्या तासापेक्षा वर्कशॉपमधली लेथ जास्त जवळची.

पहिल्या वर्षी मी टेन्सेसपासून सुरुवात केली होती. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आठवीपासून चालूय." तो खोटं बोलत नव्हता. त्याच दुपारी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबबाहेर तोच मुलगा मित्राला स्टीलच्या टेन्साइल टेस्टचा, म्हणजे रॉड तुटेपर्यंत ताणून बघायच्या चाचणीचा, ग्राफ समजावत होता, मराठीत, एकदम फर्डा. कुठे रेषा सरळ जाते, कुठे यील्ड होतं (म्हणजे स्टील कायमचं ताणलं जायला लागतं), कुठे मान बारीक होऊन रॉड तुटतो, सगळं. मग व्हायव्हात सरांनी तेच इंग्रजीत विचारलं आणि तो 'सर, लोड इज... सर...' इथेच अडकला. मला काय शिकवायचं होतं ते मला लॅबच्या दाराशी कळलं. वर्गात कळलं नव्हतं.

हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. क्रम मी स्वतः चुकत चुकत बसवला आहे.

आधी तास मोजा

एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, हिशेबात आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. एक लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल असा दोन क्रेडिटचा विषय असेल तर आठवड्याला तीन तास. चौदा आठवडे धरले तर ४२. त्यातून गणपती, युनिट टेस्ट, टेक-फेस्ट आणि 'आज सबमिशन आहे मॅडम' वजा करा. हाती तीसेक तास राहतात. तीस तासांत इंग्रजी भाषा शिकवून होत नाही. तीस तासांत सहा-सात ठरावीक कामं इंग्रजीत करायला मात्र नक्की शिकवता येतात. हा फरक मान्य केला की अर्धा ताण जातो.

आणखी एक गोष्ट याच वेळी तपासा: वर्गात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं किती आहेत. तुमचा विषय पहिल्या वर्षाला असेल तर ही मुलं तुमच्या हाताखालून जातच नाहीत. त्यांना यंत्रं चांगली कळतात, पण इंग्रजीची गाठ थेट डिग्रीच्या जाडजूड पुस्तकांशी पडते. त्यांच्यासाठी तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला दहा तासांचा जोडवर्ग मागून घ्या. मिळेलच असं नाही, पण मागा.

गरज, उणीव आणि हौस

विशिष्ट कामासाठीचं इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात या तीन गोष्टी वेगळ्या मांडतात. कामावर काय लागतं ती गरज. त्यातलं मुलाला आज काय जमत नाही ती उणीव. आणि त्याला स्वतःला काय हवंसं वाटतं ती हौस. या तिघी क्वचितच एका सुरात बोलतात.

मुलांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं: फ्लुएंट स्पीकिंग, ग्रुप डिस्कशन, इंटरव्ह्यू. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेल्या मुलांना विचारा, चित्र बदलतं. त्यांना 'तुला इंग्रजीची गरज काय?' असं विचारू नका, भाषण ऐकायला मिळेल. विचारा, 'काल दिवसभरात इंग्रजीत काय वाचलंस, काय लिहिलंस, कुणाशी बोललास?' चाकणला क्वालिटीमध्ये असलेला आमचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, बोलणं सगळं हिंदी-मराठीतच चालतं. पण शिफ्ट सोडताना रजिस्टरमध्ये लिहायचं ते इंग्रजीत. आणि कस्टमरची कम्प्लेंट आली की एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत. तो परदेशात जातो. तिथे फाटते."

असे आठ-दहा फोन करा. वेगवेगळ्या ब्रँचचे, आणि शक्यतो एकट्या पुण्यातले नकोत. वाळूज आणि बुटीबोरीचेही हवेत. त्यानंतर कॉलेजातले दोन विषयशिक्षक आणि एक लॅब असिस्टंट गाठा. लॅब असिस्टंटला विसरू नका. मुलं मॅन्युअल न वाचता काय काय जोडतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

हौसेलाही जागा द्या, नाहीतर मुलं तुमचा कोर्स मनातून सोडून देतात. माझ्याकडे दर आठवड्याच्या प्रॅक्टिकलमधली शेवटची वीस मिनिटं बोलण्याची असतात. विषय मात्र त्यांच्या ब्रँचचा. 'मोबाइल शाप की वरदान' माझ्या वर्गात बंद आहे.

कागद गोळा करा

कोर्सचा खरा कच्चा माल म्हणजे इंजिनिअर लोक रोज हाताळतात ते कागद. माजी विद्यार्थ्यांकडून मागवा, पण कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि ग्राहकाचा तपशील त्यांच्याकडूनच खोडून घ्या. हा शिष्टाचार पहिल्या दिवसापासून पाळा. एखाद्याची नोकरी धोक्यात यायला नको.

प्रत्येक ब्रँचचा ढीग वेगळा निघतो. मेकॅनिकलवाल्यांचा एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि शिफ्ट हँडओव्हर. इलेक्ट्रिकलवाल्यांचा वर्क परमिट (काम सुरू करण्याची लेखी परवानगी) आणि डेटाशीट. कॉम्प्युटरवाल्यांचा बग रिपोर्ट, रीडमी आणि कमिट मेसेज. सिव्हिलवाल्यांचा साइट डायरी, मेजरमेंट बुक, टेंडरच्या अटी आणि आयएस कोड (भारतीय मानकांची पुस्तकं).

आयएस कोडवर जरा थांबते, कारण तिथे मला पहिला धक्का बसला. शाळेत आपण शिकवतो की 'शॅल' हे 'आय' आणि 'वी'बरोबर येतं, भविष्यकाळ दाखवायला. काँक्रीटचा आयएस ४५६ उघडा. पानापानावर 'शॅल' आहे आणि त्याचा भविष्यकाळाशी काडीचा संबंध नाही. तिथे 'शॅल' म्हणजे बंधनकारक. 'शुड' म्हणजे शिफारस, केलंत तर बरं. 'मे' म्हणजे परवानगी. साइटवरच्या पोराने 'शॅल' आणि 'शुड' एकाच तागडीत तोलले तर बिल अडकतं, किंवा त्याहून वाईट काही होतं. तीन शब्दांवर मी आता अख्खा एक तास घेते आणि सिव्हिलची मुलं तो तास बुडवत नाहीत.

अडतात ते शब्द कोणते

नवा शिक्षक इथे हमखास घसरतो. त्याला वाटतं इंजिनिअरिंगचं इंग्रजी म्हणजे अवघड तांत्रिक शब्द, मग तो 'टर्बाइन', 'क्रँकशाफ्ट' अशा शब्दांची यादी पाठ करायला देतो. अहो, ते शब्द त्यांना तुमच्याआधीच येतात. ते त्यांचेच आहेत.

मुलं अडतात ती मधल्या शब्दांना. 'विथ रिस्पेक्ट टु', 'सब्जेक्टेड टु', 'प्रोव्हायडेड दॅट', 'नेग्लिजिबल', 'हेन्स', 'कन्सिस्ट्स ऑफ'. 'द बीम इज सब्जेक्टेड टु अ युनिफॉर्म लोड' या वाक्यात बीम कळतो, लोड कळतो, आणि 'सब्जेक्टेड' वाचून मूल विचार करतं की इथे कुठला सब्जेक्ट आला. विषयशिक्षक हे शब्द समजावत नाहीत, कारण ते त्यांना इंजिनिअरिंगचे वाटत नाहीत. आपण समजावत नाही, कारण आपल्याला ते साधे वाटतात.

दुसरी जात म्हणजे रोजचे शब्द नवे कपडे घालून येतात ती. 'स्ट्रेस', 'फटीग', 'क्रीप', 'मोमेंट', 'कपल', 'सिंक'. 'मोमेंट' म्हणजे क्षण असं पक्कं डोक्यात बसलेल्या मुलाला 'बेंडिंग मोमेंट' पहिल्यांदा ऐकल्यावर काय वाटत असेल, कल्पना करा.

तयार याद्या मिळतात, त्यांचा उपयोग जपून करा. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दयादीत ५७० शब्दकुलं (एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट) आहेत आणि ती जगभर वापरली जाते. पण ती ज्या मजकुरातून काढली तो कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांचा होता. इंजिनिअरिंग ही स्वतंत्र शाखा म्हणून त्यात नव्हती. म्हणून आपली यादी आपण करावी. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांचं अँटकॉन्क हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मुलांची लॅब मॅन्युअल्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्यात टाका. कुठला शब्द किती वेळा येतो आणि त्याच्या आजूबाजूला काय येतं, हे ओळीने मांडून दाखवतं. एका दुपारचं काम आहे.

पातळी तपासताना व्याकरणाचा पेपर नको

गाळलेल्या जागा भरण्यात आपली मुलं तरबेज असतात, त्यातून काही कळत नाही. मी लॅब मॅन्युअलमधलं एक पान देते. वीस मिनिटं वाचा, कृती पाच ओळींत तुमच्या शब्दांत लिहा, मग एकेकाने एक मिनिट बोला. साठ मुलांना दोन आठवड्यांची प्रॅक्टिकल्स जातात, पण पुढचे बारा आठवडे सोपे होतात.

यातून दिसणाऱ्या चुका बऱ्याच अंशी मराठीतून येतात, आणि ते ओळखणं ही आपली मोठी ताकद आहे. मूल लिहितं, 'द स्पेसिमेन प्लेस्ड इन द मशीन.' 'वॉज' गायब. आळशीपणा नाही तो. मराठीत आपण 'नमुना मशीनमध्ये ठेवला' म्हणतो, कुणी ठेवला ते सांगत नाही, आणि वाक्य पूर्ण असतं. तोच साचा इंग्रजीत उतरला की वाचणाऱ्याला वाटतं नमुन्यानेच काहीतरी ठेवलं. मराठी वाक्य फळ्यावर लिहून त्याच्याखाली इंग्रजी लिहिलं, आणि मराठीत न सांगितलेला 'आम्ही' इंग्रजीत 'वॉज'च्या आड लपतो असं सांगितलं, की पॅसिव्ह व्हॉइस दहा मिनिटांत गळी उतरतो. 'जो पंप बंद पडला तो' या रचनेतून येणारं 'विच पंप फेल्ड, दॅट पंप' हेही असंच सोडवता येतं.

काय जमलं पाहिजे ते लिहून काढा

एनबीएसाठी, म्हणजे कोर्सला मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, कोर्स आउटकम लिहावेच लागतात. ते फाइलसाठी म्हणून लिहू नका. 'विद्यार्थ्याला संवादाचं महत्त्व कळेल' हे आउटकम नव्हे, ती प्रार्थना झाली. 'ग्राफ पाहून त्याचं वर्णन दीडशे शब्दांत लिहील', 'यंत्र चालू करण्याच्या सूचना अशा लिहील की दुसऱ्याला त्या वाचून यंत्र चालू करता येईल' असं लिहा. पाच पुरे.

एक धडा जवळून

पुन्हा त्या टेन्साइल टेस्टकडे. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस मुलांची बॅच, जोड्या पाडायच्या. जोडीतल्या एकाच्या हातात माइल्ड स्टीलचा ग्राफ, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. दाखवायचं नाही, हातवारे नाहीत. पहिल्या फेरीत 'द लाइन इज गोइंग अप, अप, देन लिटल डाउन' असं चालतं आणि कागदावर काहीही उगवतं. एकदा तर चक्क सह्याद्रीची रांग आली होती. मुलं हसतात, हसू द्यावं.

मग फळ्यावर मोजकीच हत्यारं द्यायची: 'राइझेस स्टीपली', 'अप टु', 'बियॉन्ड धिस पॉइंट', 'ड्रॉप्स स्लाइटली', 'रीचेस अ मॅक्सिमम'. आणि एक सूचना, की ग्राफचं वर्णन साध्या वर्तमानकाळात. आपली मुलं 'इज इन्क्रीझिंग', 'इज शोइंग' फार वापरतात, कारण मराठीत 'वाढतो' आणि 'वाढतोय' दोन्ही सहज चालून जातात. दुसऱ्या फेरीत कागदावरची रेष बऱ्यापैकी जागेवर येते. तिसऱ्या फेरीत जोडीदार बदलून तेच. मग अर्ध्या तासात लिहून काढायचं. आधी बोलून झालेलं असल्यामुळे पेन अडत नाही.

मला यील्ड पॉइंट आणि अल्टिमेट स्ट्रेंग्थमधला फरक त्या वर्षापर्यंत माहीत नव्हता. मी तो मुलांनाच विचारला, 'इंग्रजीत समजावा, मला खरंच कळत नाही.' त्या तासाइतकी मुलं कधी बोलली नव्हती. विषय त्यांचा, भाषा माझी, अशी वाटणी झाली की वर्गाचा रंग बदलतो. तुम्ही इंजिनिअरिंग शिकून यायची गरज नाही. प्रश्न विचारायला लाज वाटली नाही म्हणजे झालं.

सूचनालेखनासाठी माझा आवडता खेळ व्हर्नियर कॅलिपरचा. मेकॅनिकलच्या मुलांनी माप कसं घ्यायचं त्याच्या पायऱ्या लिहायच्या, आणि कॉम्प्युटरच्या मुलांनी त्या वाचून एका नाण्याची जाडी मोजायची. लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. विमान उद्योगात देखभालीची कागदपत्रं एका नियमबद्ध सोप्या इंग्रजीत लिहितात. तिथला नियम मी उसना घेतला आहे: सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त वीस शब्द, आणि एका वाक्यात एकच कृती. पहिल्याच वेळी एका जोडीचं उत्तर दोन रेघांनी चुकलं. सूचनांत 'चेक द झीरो एरर', म्हणजे जबडे मिटल्यावर कॅलिपर शून्य दाखवतो का ते आधी बघा, ही ओळच नव्हती. लिहिणारा कपाळाला हात लावून म्हणाला, "हे तर सगळ्यांना माहीत असतं ना मॅडम!" कॉम्प्युटरवाली मुलगी कॅलिपर खाली ठेवून म्हणाली, "मला कुठे माहीत होतं?" ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटच्या (मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाच्या) कॅलिपरवर दोन रेघा म्हणजे ०.०४. तेवढ्या आकड्याने लिहिणाऱ्याला जे पटलं ते माझ्या लाल पेनाने पटलं नसतं.

विषयशिक्षकाला सोबत घ्या

हे सांगायला सोपं, करायला कठीण. 'तुम्ही इंग्रजीवाले' असा एक सूर काही ठिकाणी असतोच. मोठा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. एवढंच विचारा, 'सर, या लॅब रिपोर्टातला निष्कर्षाचा परिच्छेद मी माझ्या प्रॅक्टिकलला लिहून घेतला तर तुम्ही तो जर्नलला चालवाल का?' त्यांचं तपासण्याचं काम हलकं होतं, मुलांना एकच लेखन दोनदा उपयोगी पडतं, आणि तुम्हाला खरं काम मिळतं. चहा सोबत घेतलात तर पुढची बोलणी लवकर होतात.

परीक्षा

लेखी पेपरवर तुमचा ताबा नसेल, विद्यापीठाचा असेल. पण टर्मवर्क आणि ओरल बहुधा तुमच्या हातात असतात. तिथे गुण देताना व्याकरणाच्या चुका मोजत बसू नका. मी चार गोष्टी पाहते: वाचणाऱ्याला काम करता येतं का, आकडा आणि एकक बरोबर आहे का, क्रम लागतो का, आणि भाषा कुठे अर्थ बिघडवते का. 'द' राहिला तर मी खूण करते, गुण कापत नाही. एकक चुकलं तर कापते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ साली मंगळापाशी गमावलं, कारण एका सॉफ्टवेअरने पाउंडात काढलेला आकडा दुसऱ्याने न्यूटनचा समजून वापरला. ही गोष्ट वर्गात एकदा सांगितली की 'एकक लिहा' असं पुन्हा ओरडावं लागत नाही.

हल्ली रिपोर्ट चॅटजीपीटीकडून लिहून येतो. तो पकडण्यात मी वेळ घालवत नाही. ज्याने रिपोर्ट दिला त्याने त्यावर तीन मिनिटं बोलायचं, कागद न बघता. निम्मे गुण त्या तीन मिनिटांना. एका मुलाच्या रिपोर्टात 'अ‍ॅनोमलस' (म्हणजे विसंगत) असा देखणा शब्द होता. त्याचा अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, चांगला अर्थ आहे त्याचा."

सातव्या आठवड्यात थांबा

सेमिस्टर संपल्यावरचा फीडबॅक फॉर्म पुढच्या बॅचच्या कामाचा, या बॅचच्या नाही. म्हणून मधेच एक दिवस चिठ्ठ्या वाटा, नाव न घालता, मराठीत लिहायला सांगा. दोनच प्रश्न: काय उपयोगी पडलं, काय बंद करू? गेल्या खेपेला 'ईमेल बंद करा' असं बऱ्याच जणांनी लिहिलं. मला आश्चर्य वाटलं, कारण माजी विद्यार्थी तर ईमेलवरच जोर देत होते. खोदून विचारल्यावर कळलं की मी रजेच्या अर्जाचे ईमेल लिहून घेत होते. मग विषय बदलला: सप्लायरने पाठवलेल्या मालात बारा नग खराब निघाले, त्याला कळवा आणि नवे कधी येतील ते विचारा, पण भांडण न करता. पहिल्या मसुद्यात एकाने विषयाच्या ओळीत नुसतं 'अर्जंट!!!' लिहिलं होतं. दुसऱ्या मसुद्यात तिथे बॅच नंबर, बारा नग आणि उत्तराची तारीख आली.

हे सगळे कागद, पहिला मसुदा आणि शेवटचा, एका फाइलमध्ये ब्रँचनुसार लावून ठेवा. पुढच्या जुलैत नव्या बॅचसमोर तुम्ही रिकाम्या हाताने उभे नसाल. फक्त मुलांची नावं खोडायला विसरू नका.